आजोबांची दुनळी ठेवावी, विकावी की नवी घ्यावी? आणि काडतुसांच्या भावाचं काय?

तुमचा प्रश्न वाचला. कुडाळ तालुक्यात आजोबांच्या नावावर शेतीसंरक्षणाचा परवाना आणि १२ बोअरची विलायती दुनळी, म्हणजे दोन नळ्यांची बंदूक. आजोबा गेले त्याला आठ महिने झाले. बंदूक आणि राहिलेली काडतुसं अजून माजघरातल्या कपाटात आहेत. रानडुकरं भाताला आणि सुरणाला सोडत नाहीत. दुकानदार म्हणतो, काडतुसामागे वीस-पंचवीस रुपये वाढलेत, अजून वाढतील, आत्ताच भरून ठेवा. भाऊ म्हणतो, जुनं धूड विकून टाकू आणि सरळ एक रिव्हॉल्वर घेऊ, घरालाही संरक्षण. तुम्ही विचारलंय, यातलं पैशाच्या दृष्टीने शहाणपणाचं काय.

आधी माझ्याबद्दल सांगतो, म्हणजे माझ्या बोलण्यातलं काय घ्यायचं आणि काय सोडायचं ते तुम्हाला ठरवता येईल. माझं शस्त्रांचं परवानाधारक दुकान आहे, वडिलांपासून चालत आलेलं, आणि दुरुस्तीचं काम मी स्वतः करतो. म्हणजे बंदूक विकली गेली तर माझा फायदा, काडतुसं खपली तरी माझाच. तरीही तुमच्या बाबतीत मी सांगेन की आत्ता काहीही विकत घेऊ नका. किमतीचा प्रश्न तुमच्या यादीत तिसऱ्या-चौथ्या नंबरला येतो.

पहिल्या नंबरला आहे ते माजघरातलं कपाट. परवाना आजोबांच्या नावाचा होता, ते गेले तसा तोही संपला. बंदूक घराण्याची, वापर शेतीचा, नोंद सरकारदरबारी, हे सगळं खरं असलं तरी आज ती ज्याच्या ताब्यात आहे त्याच्याकडे परवाना नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम २१ प्रमाणे अशी बंदूक विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची असते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदूक बाळगण्याला किमान दोन वर्षं आणि जास्तीत जास्त पाच वर्षं कैद आहे. काडतुसांनाही हेच लागू. लोक बंदूक जमा करतात आणि काडतुसांचा डबा फडताळात विसरतात, तसं करू नका.

आठ महिने झाले म्हणून आता घाबरून ती विहिरीत टाकावी किंवा कुणा पाहुण्याकडे ठेवावी असं मात्र मनातही आणू नका. मृत्यूचा दाखला, मूळ परवाना आणि एक साधा अर्ज घेऊन जा. गावाकडे असा उशीर सर्रास होतो आणि ठाण्यातल्या लोकांना ते ठाऊक असतं. उशीर झाला म्हणून विचारणा होईल, कदाचित दोन शब्द ऐकावे लागतील. बंदूक स्वतः उचलून एस.टी.त घालून नेण्याऐवजी आधी ठाण्याला कळवा आणि ते सांगतील त्या पद्धतीने न्या. पोलीस पाटलांना बरोबर घेतलं तर उत्तम.

ठाण्यात जमा करावी की दुकानात? दोन्ही कायदेशीर आहे. दुकानात महिन्याचं भाडं पडतं, ठाण्यात पडत नाही. पण ठाण्याच्या मुद्देमालाच्या खोलीत बंदुकीला तेल कोण लावणार? कोकणातला एक पावसाळा तिथे काढलेली बंदूक माझ्याकडे येते तेव्हा नळीत बोट घातलं तरी तांबूस भुकटी लागते. भाडं वाचवून नळी घालवण्यात अर्थ नाही. ठाण्यातच द्यायची असेल तर आधी नळ्या आतून पुसून जाडसर ग्रीस लावा, लाकडी दस्त्याला जवस तेलाचा हात फिरवा, सगळीकडून फोटो काढा, आणि पावतीवर बंदुकीचा नंबर, बनावट (कुठल्या कारखान्याची ते) आणि काडतुसांची संख्या लिहून घ्या. पावती हाच पुढच्या सगळ्या अर्जांचा पाया. ठरावीक मुदतीत कुणी हक्क सांगितला नाही तर जमा बंदूक सरकारजमा होऊ शकते, म्हणून पावती पाकिटात घालून पुन्हा विसरू नका.

आता वारसाचा अर्ज. शस्त्र नियम २०१६ मधल्या नियम २५ मध्ये यासाठी वेगळी वाट आहे. परवानाधारक गेल्यावर त्याच्या कायदेशीर वारसाला परवाना मिळू शकतो. याच नियमात आणखी एक सोय आहे, जी फार लोकांना माहीत नसते: परवानाधारकाला ७० वर्षं पूर्ण झाली किंवा बंदूक बाळगून २५ वर्षं झाली, यातलं जे आधी घडेल तेव्हापासून तो हयात असतानाच वारसाच्या नावे अर्ज करता येतो. तुमच्या बाबतीत ती वेळ टळली, पण हे वाचणाऱ्या ज्यांच्या घरी वडील-आजोबा आहेत आणि भिंतीवर बंदूक आहे, त्यांनी आजच तारखा मोजाव्यात. स्वतः परवानाधारक कार्यालयात बसून सही करतो तेव्हा जे काम सहज होतं, तेच नंतर पाच वारसांच्या संमतिपत्रांवर अडतं.

ही संमतिपत्रं म्हणजेच कोकणातली खरी अडचण. आजोबांना मुलं-मुली किती, त्यातले मुंबईला किती, सातबाऱ्यावर नावं कुणाकुणाची, यावर सगळं अवलंबून आहे. परवाना एकाच्याच नावावर होतो, बाकीच्यांनी ना हरकत द्यावी लागते. मुंबईतल्या आत्याला वाटतं, बंदूक म्हणजे लाखोंची इस्टेट, सही कशी करू? तिला मी पुढे जे किमतीबद्दल लिहिणार आहे ते वाचायला द्या. आणि ज्याचं नाव पुढे कराल तो गावात राहणारा असावा. शेतीसंरक्षणाचा परवाना शेताशी बांधलेला असतो. डोंबिवलीत राहणाऱ्या भावाच्या नावावर तो मागितला तर चौकशीचा अहवाल कसा जाईल हे वेगळं सांगायला नको. शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला, वैद्यकीय प्रमाणपत्र, सुरक्षित ठेवण्याची हमी हेही लागतं, आणि परवाना राष्ट्रीय माहितीकोशात नोंदून त्याला स्वतंत्र ओळख क्रमांक मिळतो. आजोबांच्या परवान्यावर हा क्रमांक चढला होता की नाही ते आधी बघा. नसेल तर जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र शाखेत तो विषय पहिल्याच फेरीत काढा, नाहीतर अर्ज तिथेच अडकतो.

आता पैशाकडे येऊ.

तुम्ही लिहिलंय की वर्षाला दहा-बारा बार होतात. पंचवीस रुपयांनी महाग झालं काडतूस, तर बारा काडतुसांचे तीनशे रुपये. वर्षाला तीनशे. त्यासाठी घाईने भरून ठेवायचं कारण काय? परवान्यावर एका वेळी किती काडतुसं बाळगता येतील आणि वर्षात किती घेता येतील हे लिहिलेलं असतं, त्यामुळे साठा करण्याची हौसही एका मर्यादेतच भागते. आणि आज तर तुमच्याकडे परवानाच नाही, एकही काडतूस तुम्हाला कुणी देऊ शकत नाही. "आत्ताच भरून ठेवा" हे त्या दुकानदाराला तुमची परिस्थिती नीट माहीत नसताना निघालेलं वाक्य असावं, असं मी समजतो.

नेमबाजीचा सराव करणाऱ्याचं गणित निराळं. तो एका आठवड्यात तुमच्या दहा वर्षांची काडतुसं उडवतो, त्याला रुपयाचा फरकसुद्धा जाणवतो. राखणीच्या बंदुकीला भाव जाणवत नाही, काडतुसाचा ताजेपणा आणि लांबी जाणवते. त्यावर पुढे येतो.

भाव वाढतात कशामुळे हेही सांगतो, कारण दुकानदार लुटतो असा सरसकट समज आहे. आपल्याकडे ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून सामान्य माणसाला परदेशी बंदूक आयात करणं बंद झालं. नावाजलेले नेमबाज सोडले तर वाट नाही. म्हणजे पुरवठा देशातलाच. त्यात काडतुसांचा मोठा वाटा सरकारी कारखान्यांचा. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा आहे, आणि तिथल्या काडतुसांचं 'शक्तिमान' हे नाव तुमच्या आजोबांच्या डब्यावर बहुतेक सापडेलच. १ ऑक्टोबर २०२१ ला हे कारखाने चालवणारं आयुध निर्माणी मंडळ मोडून सात सरकारी कंपन्या झाल्या. दारूगोळा म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे गेला, तिचं मुख्यालय पुण्यातच. रायफली, रिव्हॉल्वर वगैरे कानपूरच्या कंपनीकडे गेलं. या कंपन्यांचं खरं गिऱ्हाईक सैन्य आणि पोलीस. नागरिकांचं काडतूस हे त्यांच्या ताटातलं लोणचं. वर मोठी मागणी असली की खालचा माल उशिरा येतो, आणि माल उशिरा आला की दुकानात भाव चढतो. त्यावर शिसं, पितळ, दारू यांचे दर आहेत, आणि स्फोटक मालाची वाहतूक आहे. किराणा मालासारखा ट्रक करून काडतुसं आणता येत नाहीत, पोलिसांना कळवणं, नोंदी, पहारा, सगळं आलं. तालुक्याच्या ठिकाणचं दुकान थोडाच माल मागवतं, मग हा वरखर्च थोड्याच काडतुसांवर बसतो. म्हणून एकच काडतूस पुण्यात एका भावाला आणि जिल्ह्याच्या ठिकाणी दुसऱ्या भावाला मिळतं. दोन दुकानांत विचारणं चांगलंच, पण बारा काडतुसांसाठी पुण्याला जाण्याचं तिकीट भावातल्या फरकाहून जास्त पडेल.

स्वस्त पडतं म्हणून एक गोष्ट गावोगाव चालते, ती करू नका: रिकामी काडतुसं "भरून देणारा" माणूस. दारूगोळा बनवायला वेगळा परवाना लागतो, त्याच्याकडे तो नसतो. शिवाय त्याने आत कुठली दारू किती घातली हे त्यालाही सांगता येत नाही. फुटलेल्या नळ्या दुरुस्तीला येतात तेव्हा त्यामागे बहुतेक वेळा असलंच काडतूस असतं.

बंदूक विकण्याबद्दल. भावाला वाटतंय की विलायती म्हणजे मोठी किंमत. अर्धं खरं आहे. आयात बंद झाल्यामुळे जुनी विलायती पिस्तुलं आणि रिव्हॉल्वर यांचे भाव खरोखरच आभाळाला भिडलेत, कारण घेणारे खूप आणि वस्तू मोजक्या. १२ बोअरच्या दुनळीचं उलट झालंय. शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद झाली, नव्या पिढीला लांब बंदूक सांभाळायची नाही, आणि तुमच्यासारखी शेकडो घरं वारसाहक्काने आलेली बंदूक विकायला उभी आहेत. घेणारा कोण? ज्याच्याकडे त्याच प्रकारचा परवाना आहे आणि त्यावर जागा रिकामी आहे तोच. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडे तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात, त्यात वारशाने आलेलीही धरली जाते. त्या वेळी ज्यांच्याकडे तीन होत्या त्यांनी एक सोडायची ठरवली तेव्हा बहुतेकांनी कुठली सोडली असेल? हीच, लांब दुनळी. बाजारात आधीच साचलेल्या मालात आणखी भर पडली. नामांकित कारागिराची, कोरीवकाम केलेली, नळ्या निरोगी असलेली बंदूक असेल तर हौशी माणूस चांगली किंमत देतो. साधी असेल तर जी किंमत मिळेल त्यात तिच्या जागी नवी चांगली बंदूक येणार नाही. आत्याला हे वाचून दाखवा म्हटलं ते याचसाठी.

आणि विकण्याचं ठरलंच तर खासगीत हातोहात देता येत नाही. जिल्हादंडाधिकारी किंवा पोलिसांना लेखी कळवून ४५ दिवस जाऊ द्यावे लागतात. ज्या दुकानात जमा केली आहे त्याच्याकडूनच विकली तर कागदांचा त्रास कमी, पण त्याचा हिस्सा जाणार. मी स्वतः हिस्सा घेतो, म्हणून सांगतो: तो आधी ठरवून लिहून घ्या.

नवी घ्यायची तर पर्याय काय आहेत? मुंगेर आणि जम्मूकडच्या परवानाधारक खासगी कारखान्यांच्या एकनळ्या-दुनळ्या, सरकारी कारखान्यांच्या बंदुका, आणि तिरुचिरापल्लीची पंप अ‍ॅक्शन. खासगी एकनळी सगळ्यात स्वस्त. तिच्यात सफाई कमी असते, पण राखणीला चालते. पंप अ‍ॅक्शनचं तरुणांना आकर्षण असतं; तिच्यात नळीखालची मूठ मागेपुढे ओढून पुढचं काडतूस भरतात. रात्री शेतात, दव पडलेलं असताना, बॅटरी एका हातात धरून ती चालवायची तर मला दुनळीच बरी वाटते. मोडली, म्हणजे बिजागरीवर उघडली, की दोन्ही काडतुसं डोळ्यांना दिसतात, भरलेली आहे की रिकामी याची शंका राहत नाही, आणि बांध ओलांडताना मोडून खांद्यावर टाकता येते. पंपात नळी रिकामी दिसली तरी खालच्या मॅगझिनमध्ये, म्हणजे साठ्याच्या नळीत, काडतूस राहिलेलं असू शकतं. अपघात तिथे होतात.

म्हणून माझा कल जुनी ठेवण्याकडे आहे, एका अटीवर: ती वापरण्याजोगी असली पाहिजे. हे मला इथे बसून सांगता येणार नाही. पण काय बघायचं ते सांगतो. जमा केल्यावर दुकानातच जाणकाराकडून हे करून घ्या, घरी प्रयोग नको.

नळ्या काढून उजेडाकडे धरून आतून पाहायच्या. आत उजेडाची कडी सरळ गोल दिसली पाहिजे. कुठे सावली वाकडी झाली तर पोचा किंवा फुगवटा आहे. छोटे गंजाचे खड्डे चालतात, खोल असतील आणि काडतुसाच्या घरापासून (काडतूस बसतं तो नळीचा मागचा भाग) पुढच्या टप्प्यात असतील तर बंदूक निवृत्त करायची. नळ्या एका बोटावर टांगून लाकडाने हलकेच वाजवायच्या. घंटेसारखा स्वच्छ नाद आला तर दोन नळ्यांना जोडणारी पट्टी घट्ट आहे. भद्द आवाज आला तर झाळ सुटली आहे. मग बंदूक जोडून, बंद करून, दस्ता धरून हलवायची. बिजागरीत खडखड आली किंवा नळी आणि पाठच्या पोलादात फट दिसली तर ती ढिली झाली आहे. ढिलेपणा दुरुस्त होतो, त्याला पैसे लागतात, पण नव्या बंदुकीपेक्षा कमी. फायरिंग पिन आणि कमानी बदलता येतात. नळी बदलता येत नाही.

एक गोष्ट विशेष. नळ्यांवर तपकिरी-काळी लहरींची नक्षी दिसते का? ती असेल तर नळी लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेली, म्हणजे बहुतेक काळ्या दारूच्या जमान्यातली आहे. दिसायला देखणी असते. आजच्या काडतुसासाठी ती चालवू नका, कितीही मजबूत वाटली तरी.

आणि आता लांबी. दुकानात "१२ बोअर द्या" म्हटलं की काम झालं असं लोकांना वाटतं. जुन्या विलायती दुनळ्यांमध्ये काडतुसाचं घर अडीच इंची, म्हणजे ६५ मिलिमीटरचं असतं. आजची बरीच काडतुसं पावणेतीन इंची, ७० मिलिमीटरची. फसगत अशी की ही लांबी उडालेल्या काडतुसाची मोजतात. न उडालेल्याचं तोंड आत दुमडलेलं असतं, त्यामुळे ७० चं काडतूस ६५ च्या घरात बिनबोभाट बसतं, बंदूकही बंद होते. बार उडाला की तोंड उलगडतं, त्याला जागा नसते, ते पुढच्या निमुळत्या भागात घुसतं आणि छर्ऱ्यांची वाट अडते. दाब नको तितका चढतो. एखाद्या वेळी नुसता खांद्याला जोराचा धक्का बसतो, माणूस म्हणतो काडतूस जोरदार आहे. जुनी नळी असे किती धक्के सोसेल याचा भरवसा नाही. नळीच्या बुडाशी, बंदूक मोडल्यावर जो सपाट भाग दिसतो तिथे चाचणीचे शिक्के असतात, बऱ्याच बंदुकांवर घराची लांबीही कोरलेली असते. नसेल तर माप टाकून पाहायचं. ते परवान्याच्या झेरॉक्सवर पेन्सिलीने लिहून ठेवा आणि दरवेळी दुकानात डब्यावरचा आकडा ताडून घ्या. ६५ चं काडतूस ७० च्या घरात चालतं, उलट चालत नाही. दहा रुपये स्वस्त मिळालं म्हणून चुकीच्या लांबीचं आणणं हा मला माहीत असलेला सगळ्यात महाग सौदा.

छर्ऱ्यांबद्दल थोडं. तुम्ही एल.जी. वापरता असं लिहिलंय. एल.जी. आणि एस.जी. हे जाड दाणे, एका काडतुसात मोजकेच. ते लांब जातात, आणि लांब म्हणजे पाचशे-सहाशे मीटर आणि त्याहूनही पुढे. ६ नंबरचा बारीक छर्राही दोनशे मीटर जातो. कोकणात एका वाडीचा बांध संपतो तिथे दुसरीचं अंगण सुरू होतं. नुसतं हुसकावण्यासाठी बार काढत असाल तर जाड दाण्याचं काडतूस कशाला? बारीक छर्ऱ्याचं घ्या, मागे माती किंवा दरड असलेली दिशा दिवसाच हेरून ठेवा. रानडुक्कर मारण्याचा विषय निराळा आहे. परवाना बंदुकीचा असतो, जनावराचा नाही. त्यासाठी वनखात्याची लेखी परवानगी आधी हवी, आणि ती वनपरिक्षेत्र कार्यालयातून सुरू होते. माकडांसाठी बंदुकीचा विचारच करू नका.

आता रिव्हॉल्वर. भावाला नाराज करायचं नाही, पण तीन कारणांनी हा विचार इथेच थांबवा. पहिलं, कायदा दोन्हींकडे वेगळ्या नजरेने बघतो. शस्त्र अधिनियमाच्या कलम १३ मध्ये किमान वीस इंची, आतून गुळगुळीत नळीची बंदूक आणि शेतीसंरक्षणाची ठासणीची (तोंडातून दारू ठासून भरायची) बंदूक यांचा स्वतंत्र उल्लेख आहे. ठासणीची पुरी पडत नाही असं अधिकाऱ्याला पटलं तर तो दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देऊ शकतो. आजोबांची दुनळी बहुधा याच वाटेने आली असेल. रिव्हॉल्वरसाठी शेतीचं कारण चालत नाही, जिवाला धोका असल्याचं दाखवावं लागतं आणि पोलीस तो तपासतात. दुसरं, किंमत. .३२ चं देशी रिव्हॉल्वर लाखाच्या घरात जातं. २०१४ मध्ये कानपूरहून महिलांसाठी म्हणून आलेलं 'निर्भीक' तेव्हाच सव्वा लाखाच्या आसपास होतं. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून रिव्हॉल्वर-पिस्तुलांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून ४० टक्के झाला, चैनीच्या गाड्या आणि तंबाखूच्या रांगेत. लांब बंदुका त्या यादीत नाहीत. तिसरं, रानडुकरापुढे रिव्हॉल्वर काहीच कामाचं नाही. घराच्या संरक्षणाबद्दल म्हणाल, तर अंगणात दिवा, चांगला कुत्रा आणि शेजाऱ्याशी बरे संबंध यांना परवाना लागत नाही.

तर क्रम असा: या आठवड्यात बंदूक आणि काडतुसं जमा करून पावती, मग वारसांच्या संमती, मग अर्ज, अर्ज चालू असताना दुकानात तपासणी आणि घराच्या लांबीचं माप, आणि काडतुसं सगळ्यात शेवटी, नवा परवाना हातात आल्यावर. परवाना आता तीनऐवजी पाच वर्षांचा असतो. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या दोन महिने आधी द्या.

दोन शक्यता धरून ठेवा. एक, परवाना नाकारला जाऊ शकतो. तसं झालं तर कारण लेखी मागा आणि अपील करा, ते विभागीय आयुक्तांकडे जातं. दुसरी, निवडणुकीच्या काळात बंदुका जमा करण्याच्या नोटिसा येतात, आणि नेमकं भात कापणीला आलेलं असतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००९ मध्ये हा विषय हाताळल्यापासून सरसकट जमा न करता समितीने प्रत्येकाची छाननी करावी अशी पद्धत आहे. शेतीसंरक्षणाचा परवाना आहे, गुन्हा दाखल नाही, असा अर्ज वेळेत दिला तर सूट मिळते असं मी पाहिलंय. वेळेत म्हणजे नोटीस येण्याची वाट न बघता.

आजोबांची जुनी काडतुसं परत मिळाली तरी वापरू नका. कोकणच्या दमट हवेत कागदी काडतूस फुगतं आणि पितळी बूड हिरवं पडतं. असं काडतूस कधी उडतच नाही, कधी चाप ओढल्यावर क्षणभराने उडतं. चाप ओढूनही बार झाला नाही तर नळी सुरक्षित दिशेला धरून निदान अर्धा मिनिट थांबा, मगच मोडा. नवी घ्याल ती पावसाळ्याच्या आधी हवाबंद डब्यात, बंदुकीपासून वेगळ्या कुलपात ठेवा. डब्यावर घेतल्याचं वर्ष लिहा आणि जुनी आधी वापरा. शिमग्याला किंवा वरातीत "एक बार होऊ दे" म्हणणारा भेटेलच. त्या एका बाराला २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखभर दंड किंवा दोन्ही आहे.

बंदुकीच्या शिक्क्यांचा आणि नळीच्या बुडाचा स्पष्ट फोटो टाकलात तर बनावट आणि घराची लांबी याबद्दल जास्त सांगता येईल. बंदुकीचा नंबर आणि परवान्याचा नंबर मात्र झाकून टाका.